शाळेचे पत्रे व रयतेचा पैसा

(गावच्या सभेत केलेले भाषण)



१८६३ च्या सुमारास इंग्रज सरकारने मुंबई इलाख्यात शेतसाऱ्याच्या दर रुपयामागे एक आणा लोकल फंड बसविला. त्याचा तिसरा हिस्सा शाळांचा. रयत पैसा भरते, पण तिची मुले अडाणीच राहतात, हे गाऱ्हाणे जोतीराव फुल्यांनी १८८२ साली हंटर कमिशनपुढे लेखी मांडले. इंग्रज गेले. १९६६ साली कोठारी आयोगाने राष्ट्रीय उत्पन्नाच्या शंभरांतले सहा रुपये शिक्षणास द्या म्हणून सांगितले. ते सहा रुपये अद्याप पुरे झालेले नाहीत.

मग आमच्या वाट्यास येते ती ‘तात्पुरती’ पत्र्याची शेड. येथे गवंडी, सुतार बसले आहेत, त्यांनाच विचारा. दर मृगाला गळके पत्रे बदला, कुजला वासा बदला, वावटळीत उडाली की पुन्हा उभी करा. ही बिले बेरजेस धरली तर दगडी पायाची खोली महाग कशी? पण हा पैसा तुकड्यातुकड्याने जातो, म्हणून कोणाच्या डोळ्यांवर येत नाही. शिवाय पत्र्यावर पाऊस वाजू लागला की आमचा आवाज दुसऱ्या ओळीपर्यंतही जात नाही. पाढे तेथेच थांबतात. तो तोटा कोणत्या बिलात धरावा?

येत्या ग्रामसभेत मागील डागडुजीचा सारा हिशेब आम्ही मागणार आहो. अर्ज तयार आहे. बायामाणसांसह सह्या करावयास या.