'नाही' हीसुद्धा नोंदच
(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यात शाळेच्या निवृत्त विज्ञान शिक्षिकेने केलेले भाषण)

व्यासपीठावरील माझे सहकारी आणि समोर बसलेल्या माझ्या मुला-मुलींनो,

मुला-मुलींनो म्हणते खरी, पण पुढच्या दोन रांगांत निम्म्यांचे केस माझ्यासारखेच पांढरे झालेत. संयोजकांनी मला 'पाखरांची वही' या विषयावर बोलायला सांगितलंय आणि दहा मिनिटं दिली आहेत. मला पस्तीस मिनिटांचा तास कधी पुरला नाही हे तुम्हाला ठाऊक आहेच. तरी प्रयत्न करते.

ज्यांनी ती वही केली नाही, त्यांच्यासाठी थोडं सांगते. १९८० साली उजनी धरण पूर्ण झालं आणि भीमेचं पाणी आपल्या शिवाराला येऊन टेकलं. पाण्यामागून पाखरं आली. थंडी सरू लागली की पाणी उतरतं, काठचा गाळ उघडा पडतो आणि त्यात रोहित चरताना दिसतात. पाणी फारच खाली गेलं, तर पळसदेवचं जुनं देऊळ वर येतं. एवढं सगळं दारात असताना 'ऋतुबदल' हा धडा फळ्यावर शिकवायची मला लाज वाटायची.

म्हणून आठवीच्या वर्गाला शंभर पानी वही. संक्रांतीपासून वार्षिक परीक्षेपर्यंत. डाव्या पानावर झाडं: पळस, पांगारा, काटेसावर कधी फुलली, पिंपळाला तांबूस पालवी कधी फुटली, कडुनिंबाला मोहोर कधी आला. उजव्या पानावर पाखरं: धोबी, भोरडी, पट्टकादंब. भोरड्या पळस-सावरीच्या फुलांवर कलकलाट करायच्या आणि मग मध्य आशियाकडे निघून जायच्या, तिथे टोळ खाऊ घालून पिल्लं वाढवायला. पट्टकादंब म्हणजे डोक्यावर दोन काळे पट्टे असलेला हंस. तो तर हिमालय ओलांडून तिबेट-मंगोलियाकडे जातो. आपल्या बंधाऱ्यावर चरणारं पाखरू महिन्या-दोन महिन्यांत तिथे असणार, हे सांगितलं की वर्ग एकदम गप्प व्हायचा.

आता माझी चूक सांगते. आजचं भाषण खरं तर त्यासाठीच आहे.

एका वर्षी मी मुलांना विचारलं, पट्टकादंब शेवटचा कोणत्या दिवशी दिसला? वहीला दहापैकी गुण होते. वर्गात एक मुलगा होता. त्याच्या घरी मासेमारी. रोज पहाटे वडिलांबरोबर होडीतून जाळी काढायला जायचा आणि मग शाळेत यायचा, बऱ्याचदा उशिरा. त्याच्या वहीत आधी रोजचे आकडे होते. नंतर एके दिवशी 'नाही'. दुसऱ्या दिवशी 'नाही'. मग दोन हंस. आणि पुढे दोन पानं भरून नुसतं 'नाही, नाही, नाही'. मी लाल शाईने लिहिलं, 'पानं भरू नयेत.' आणि दहापैकी चार गुण दिले. ज्यांनी रंगीत चित्रं काढली, ठळक तारीख लिहिली, त्यांना नऊ.

मे महिन्याच्या सुट्टीत सगळ्या वह्यांवरून तक्ता करायला बसले. पाहते तर जवळजवळ सगळ्यांची 'शेवटची तारीख' एकच, आणि त्या दिवशी रविवार! मग लक्षात आलं. मुलं काठावर जायची ती सुट्टीच्या दिवशी. एका रविवारी हंस दिसले, पुढच्या रविवारी दिसले नाहीत. मधल्या सहा दिवसांत ते कधी गेले, कुणालाच ठाऊक नाही.

पहिली तारीख सोपी असते. पाखरू दिसलं की लिहायचं. शेवटची तारीख त्या दिवशी कळतच नाही. पुढचे कितीतरी दिवस जाऊन, पाहून, 'नाही' असं लिहिलं, तरच मागे वळून म्हणता येतं की तो दिवस शेवटचा होता. शिवाय 'पाहिलं पण दिसलं नाही' आणि 'पाहायलाच गेलो नाही' यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. कोरी जागा हा फरक सांगत नाही, 'नाही' सांगतं. सबंध वर्गात खरी नोंद एकच होती, आणि तिला मी चार गुण दिले होते.

पुढे २००७ साली आपल्या देशात 'मायग्रंटवॉच' हा उपक्रम सुरू झाला. स्थलांतरित पक्षी पहिल्यांदा कधी दिसला आणि शेवटचा कधी, हे साध्या माणसांकडून गोळा करायचं. आज 'ईबर्ड'वर यादी पाठवली की ते विचारतात, ओळखता आलेले सगळे पक्षी लिहिलेत ना? का, तर यादीत जे नाही ते खरोखर दिसलं नव्हतं, हे कळावं म्हणून. ते वाचलं आणि मला आपल्या होडीवाल्याची आठवण झाली.

हे एवढं महत्त्वाचं का? बरेच पक्षी परतीची वेळ दिवसाच्या लांबीवरून ठरवतात, आणि ती दर वर्षी तीच असते. झाडांचं फुलणं, पालवणं मात्र ऊन आणि ओल यांवरही चालतं, आणि ऊन वाढतंय. दोघांचा मेळ बसतोय की सुटतोय, हे एका वर्षाच्या वहीतून कळत नाही. वीस वर्षांच्या वह्या लागतात. माझ्याजवळ सात उरल्यात. बाकीच्या मीच वर्ष संपल्यावर मुलांना परत दिल्या, आणि त्या रद्दीत गेल्या असतील तर त्याचा दोषही माझाच.

तेव्हा दोन मागण्या. कुणाच्या माळ्यावर, ट्रंकेत ती वही सापडली, तर शाळेत आणून द्या. चित्रं नसली तरी चालेल. आणि आताच्या आठवीच्या मुलांनो, एक झाड आणि एक पाखरू निवडा. रोज पाहा, रोज लिहा. दिसलं नाही तर तसंच लिहा. गुण कापले गेले तरी लिहा.

आणि तू, मागच्या खांबाशी बसला आहेस ते पाहिलंय मी. आजही उशिराच आलास. तुझी वही त्या सातांत आहे, पिशवीत घालून आणली आहे. लाल शाई पुसता येत नाही रे. जेवायला माझ्याशेजारी बस, म्हणजे देते.