ढगांत विहरणारा विद्यार्थी



व्हिडिओ गेम म्हटले की घरातील वडीलधाऱ्यांच्या कपाळावर आठी उमटते. ती अगदीच अकारण नसते. तथापि १९८१ साली शांघायमध्ये जन्मलेल्या जेनोवा चेन या विद्यार्थ्याची वाटचाल ध्यानी घेण्याजोगी आहे. बालपणी दम्यामुळे त्याला वारंवार रुग्णालयात राहावे लागे. पुढे अमेरिकेत सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठात शिकत असताना २००५ साली त्याने सहविद्यार्थ्यांसह ‘क्लाउड’ हा खेळ साकारला. रुग्णशय्येवरील मुलगा स्वप्नात आकाशी विहरतो, ढग गोळा करतो. गोळीबार नाही की रक्तपात नाही! आणि विद्यापीठाने त्यासाठी २० हजार डॉलर्सचे अनुदान दिले होते.

२००६ साली पदव्युत्तर प्रबंधासाठी त्याने ‘फ्लो’ रचला. मानसशास्त्रज्ञ मिहाय चिक्सेंटमिहाय यांचा तन्मयतेविषयीचा सिद्धान्त हा त्याचा पाया. खेळ फार सोपा झाला तर कंटाळा, फार कठीण झाला तर धास्ती. म्हणून किती खोल उतरायचे, हे चेनने खेळणाऱ्याच्याच हाती ठेवले. (रियाजाला बसणाऱ्या आपल्याकडील गायकाला हे निराळे समजावावे लागणार नाही.) २०१२ साली न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयाने प्रथमच जे १४ व्हिडिओ गेम संग्रही घेतले, त्यांत ‘फ्लो’ होता.

पुण्यात घडलेल्या, २०२० साली आलेल्या ‘राजी’मध्ये पहाडी चित्रशैलीतून आणि छायाबाहुल्यांतून दुर्गा व विष्णू अवतरले. मात्र २०१७ साली त्यासाठी मागितलेली लोकवर्गणी अपुरी पडली होती. असा प्रकल्प घेऊन उद्या एखादी विद्यार्थिनी आपल्या कला महाविद्यालयाच्या दारी आली, तर तिला आत बसवून कोण घेईल?