पोत्सुओलीचे तीन खांब

(स्नेहमेळाव्यातील भाषण)



'कॉम्प्युटर सोडून कशावरही बोल,' असं संयोजकांनी मला बजावलं आहे. म्हणून गेल्या सुट्टीत पाहिलेल्या एका रोमन मंडईबद्दल बोलते.

इटलीत नेपल्सच्या पश्चिमेला, समुद्रकाठी पोत्सुओली नावाचं गाव आहे. भर वस्तीत, रस्त्यापेक्षा खालच्या पातळीवर, संगमरवराचे तीन उंच खांब उभे आहेत. १७५० मध्ये इथे खोदकाम झालं तेव्हा सेरापिस देवाची मूर्ती सापडली, म्हणून सगळ्यांनी हे देऊळच ठरवलं. पुढे कळलं की ही बाजारपेठ होती. तरी 'सेरापिसचं देऊळ' हे नाव अजून चालतं. आमच्या प्रोग्राममध्येही चुकीचं नाव एकदा रुळलं की कोणी बदलत नाही!

या खांबांचा खालचा बारा फुटांचा भाग गुळगुळीत आहे. त्याच्या वर सुमारे नऊ फुटांचा पट्टा भोकांनी भरलेला आहे. ही भोकं समुद्रात राहणाऱ्या, दगड पोखरणाऱ्या शिंपल्यांनी पाडली. म्हणजे तिथपर्यंत एकेकाळी समुद्राचं पाणी होतं. खालचा भाग गाळात गाडला गेला म्हणून वाचला. गावाखाली ज्वालामुखी आहे, त्यामुळे जमीनच हळूहळू खचली आणि पुन्हा वर आली. खांब मात्र पडले नाहीत. भूशास्त्रज्ञ चार्ल्स लायेल यांनी १८३० च्या आपल्या ग्रंथात सुरुवातीलाच या खांबांचं चित्र छापलं.

हे सगळं जुनं नाही. १९८२ ते १९८४ या काळात तिथली जमीन जवळजवळ सहा फूट उचलली गेली. बंदरात पाणी उथळ झालं, घरांना तडे गेले, हजारो कुटुंबांना नव्या वसाहतीत हलवावं लागलं. आम्ही उतरलो त्या घराच्या मालकीणबाई तेव्हा शाळेत होत्या. त्या म्हणाल्या, "आमचा वर्ग विखुरला, तो पुन्हा कधी भरलाच नाही."

जमीन आता परत वर येते आहे. मे २०२४ मध्ये ४.४ तीव्रतेचा भूकंप झाला. बाईंच्या दाराशी कागदपत्रांची पिशवी कायम तयार असते. नेपल्सची वेधशाळा दर आठवड्याला जमीन किती उचलली ते जाहीर करते, ते त्या न चुकता वाचतात. "भीती नाही वाटत?" मी विचारलं. "वाटते ना. पण कधी निघायचं हे ठरवायला आकडा तर हवा."

मला आपल्या भूगोलाच्या बाई आठवल्या. मैदानातल्या पर्जन्यमापकाचा आकडा त्या रोज वहीत लिहायला लावायच्या. पाऊस नसला तरी रकाना मोकळा सोडायचा नाही, शून्य लिहायचं. आपण किती वैतागायचो! त्या शून्याचं मोल पोत्सुओलीत कळलं. काही घडत नव्हतं तेव्हाच्या नोंदी असतील, तरच काही घडायला लागलंय हे वेळेवर कळतं.

त्या मालकीणबाईंचा वर्ग पुन्हा भरला नाही. आपला आज भरला आहे. बाई, तुम्ही समोर बसला आहात, तर एक विनंती आहे: आज हजेरी तुम्हीच घ्या. आणि जे आले नाहीत, त्यांचाही रकाना मोकळा सोडू नका.