दुसरा शनिवार



मी मूळचा कोल्हापूरचा, नोकरीमुळे गुम्मिडिपूंडीत स्थायिक झालो. हे गाव चेन्नईच्या उत्तरेला, आंध्रच्या सीमेजवळ. आपल्याकडे एमआयडीसी तशी इथे सिपकॉटची वसाहत. चेन्नई सेंट्रलहून लोकलने यायला साधारण दीड तास लागतो. वाटेत कवरैपेट्टैला इंजिनिअरिंग कॉलेज आहे, त्यामुळे गाडीत पाठीवर सॅक घेतलेली पोरं कायम दिसतात. आज बोलायचंय ते यांच्यातल्या काही पोरांच्या शनिवारबद्दल.

चेन्नईत लिनक्स वापरणाऱ्यांचा एक जुना गट आहे, आयएलयूजीसी. वर्षानुवर्षं त्यांची बैठक महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी, आयआयटी मद्रासच्या एका वर्गात भरत आली. पायथॉनवाल्यांचा गट चेन्नईपाय, त्यांचा चौथा शनिवार. फी नाही, प्रमाणपत्र नाही, हार-तुरे नाहीत. वार ठरलेला, म्हणून आमंत्रणाचीही गरज नाही. आपल्याकडे आठवडी बाजाराची पत्रिका कुणी छापतं का? तसंच हे.

अशाच एका बैठकीत आमच्या लाइनवरची, तिसऱ्या वर्षाची एक मुलगी बोलायला उभी राहिली. जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेला तमिळ मजकूर युनिकोडमध्ये आणणारा छोटा प्रोग्राम तिने लिहिला होता. पण काही अक्षरं उलटीसुलटी येत होती. तसं तिने सगळ्यांसमोर सांगितलं आणि विचारलं, "हे असं का होतं?"

माझं तमिळ बेताचंच, पण हे दुखणं मी लगेच ओळखलं. आपला ऱ्हस्व इकार घ्या. 'कि' लिहिताना वेलांटी 'क'च्या आधी दिसते. जुने फॉन्ट ती जशी दिसते तशीच आधी साठवतात. युनिकोडमध्ये मात्र आधी 'क', मग वेलांटी. तमिळमध्येही 'ए', 'ऐ'ची चिन्हं अक्षराच्या आधी दिसतात आणि नंतर साठवली जातात. म्हणजे नुसती अक्षराला अक्षर बदलून भागत नाही, क्रमही फिरवावा लागतो. तिथल्या एका अनुभवी माणसाने फळ्यावर दोन ओळींत हे दाखवलं. ती त्यांना 'अण्णा' म्हणत होती, 'सर' नव्हे. पुढच्या महिन्यात ती दुरुस्त केलेला प्रोग्राम घेऊन आली.

हा धडा वर्गातही शिकवता आला असता. पण वर्गात अडलेलं काम दाखवलं तर मार्क जातात. इथे अडलेलं काम घेऊन येणाऱ्यालाच बोलायला वेळ मिळतो. 5 मार्च 1975 ला कॅलिफोर्नियात मेन्लो पार्कच्या एका गॅरेजमध्ये होमब्रू कॉम्प्युटर क्लब पहिल्यांदा जमला, तोही असाच. आपापली यंत्रं घेऊन यायचं आणि अडलेलं एकमेकांना विचारायचं.

आता अडचणीचं बोलू. या मुलीला जाऊन-येऊन पाच तास लागतात. सेंट्रलला उतरायचं, पलीकडे पार्क टाउनला जाऊन वेलाचेरीची गाडी पकडायची. परतताना अंधार होतो. घरचे विचारतात, "याने नोकरी लागणार का?" त्यांचं चुकत नाही. वर्षभरात कॅम्पसला कंपन्या येणार, घरात दुसरी कमाई नाही. पुढच्या महिन्यात तिला पाठवतील की नाही, हे तिलाही माहीत नसतं. शहरातल्या मुलासाठी बैठक फुकट आहे. हिला मात्र दर वेळी घरी परवानगी मागावी लागते.

म्हणून आम्ही गुम्मिडिपूंडीतच जमायला लागलो. रविवारी सकाळी, एका ट्युशनच्या खोलीत. पहिल्यांदा चौघं होतो. बोलणं तमिळमध्ये, माझं मोडकंतोडकं. एकाने अडलेलं दाखवायचं, बाकीच्यांनी डोकं लावायचं. अकरापर्यंत पोरं घरी, त्यामुळे घरच्यांची ना नसते.

सोलापूर, नांदेड, बेळगाव, सुरत, इंदूर, जिथून तुम्ही हे ऐकताय तिथे पुण्या-मुंबईची वाट बघू नका. खोली, एक लॅपटॉप आणि ठरलेला वार एवढं पुरे. मराठीतच बोला. वार मात्र बदलू नका, दोघंच आले तरी. मागच्या महिन्यात ज्याला घरून सोडलं नाही, त्याला न विचारता कळलं पाहिजे की या महिन्यातही दार उघडं आहे.

आणि सुरुवातीला काय करायचं सुचत नसेल, तर गावातल्या एखाद्या छापखान्यात जा. जुन्या फॉन्टमधला मराठी मजकूर तिथे ढिगाने पडलाय. वेलांटीपासूनच सुरुवात करा.