लोखंडी सांगाड्याची वास्तू

मुंबईच्या काळा घोडा परिसरातील एस्प्लनेड मॅन्शन ही इमारत रस्त्याने जाणाऱ्यास केवळ एक जीर्ण वास्तू वाटते. परंतु भारतात टिकून राहिलेल्या ओतीव लोखंडाच्या इमारतींत ती सर्वांत जुनी मानली जाते.

जॉन वॉटसन या कापड व्यापाऱ्याने ही इमारत १८६७ ते १८६९ या काळात उभारली. तिचा आराखडा रोलँड मेसन ऑर्डिश या इंग्रज अभियंत्याचा होता. खांब व तुळया इंग्लंडमध्ये ओतून जहाजाने मुंबईस आणण्यात आल्या आणि जागेवर जोडण्यात आल्या. येथे इमारतीचा भार भिंतींवर नसून लोखंडी सांगाड्यावर आहे. विटांचे काम केवळ मधली जागा भरते. जाड भिंतींवर इमला उभा करण्याच्या त्या काळात ही रचना अपूर्वच होती.

१८७१ मध्ये येथे वॉटसन हॉटेल सुरू झाले. लुमिएर बंधूंची चलचित्रे ७ जुलै १८९६ रोजी याच ठिकाणी दाखविण्यात आली आणि भारतातील चित्रपटाच्या इतिहासात या वास्तूचे नाव कायमचे नोंदले गेले. १९०३ मध्ये ताजमहाल हॉटेल उघडले. पुढे वॉटसन हॉटेल बंद झाले. प्रशस्त दालनांत आडभिंती उभ्या राहिल्या. वकिलांच्या कचेऱ्या, दुकाने व बिऱ्हाडे तेथे आली.

ताबा असा विभागला गेला. भार मात्र विभागला गेला नाही. प्रत्येकाने आपापली खोली सांभाळली, तरी सर्वांना पेलणारा सांगाडा एकच होता. अशा वास्तूत गळते छप्पर व समुद्राची खारी हवा यांकडे दुर्लक्ष झाले, तर गंज आतल्या आत वाढत जातो. २००५ मध्ये इमारतीचा दर्शनी भाग कोसळून जीवितहानी झाली. २०१९ मध्ये उच्च न्यायालयाच्या आदेशानुसार ती रिकामी करण्यात आली. इमारत पाडावी की जतन करावी, हा प्रश्न न्यायालयापुढे आला.

रहिवाशांची सुरक्षितता आणि वारसा यांत एकाचीच निवड करण्याची पाळी येणे, हीच यातील खरी शोकांतिका होय. ती टाळण्याचा मार्ग साधा आहे. शाळा असो, चावडी असो वा बाजारपेठ, सार्वजनिक वापराच्या प्रत्येक इमारतीची नियमित तपासणी आणि वेळच्या वेळी दुरुस्ती व्हावयास हवी. वास्तू उभारणाऱ्याचे नाव इतिहासात राहते. ती टिकविण्याचे श्रेय मात्र नित्य काळजी घेणाऱ्यांचेच असते.