घराण्याचा धंदा आणि बाजारातील चढाओढ

(इंदापूर येथे ज्ञातिसंस्थेच्या वार्षिक संमेलनात दिलेले भाषण)



आपल्यापैकी अनेकांच्या घरी दुकान, अडत, गिरणी किंवा लहानसा कारखाना आहे. तो पुढील पिढीच्या हाती टिकेल काय, ही चिंता प्रत्येक वडीलधाऱ्यांच्या मनात आहे. तिचे उत्तर शोधण्यास फार दूर जावयास नको. आपल्याच तालुक्यातील वालचंदनगरचा इतिहास त्यासाठी पुरेसा बोलका आहे.

शेठ वालचंद हिराचंद यांचा जन्म १८८२ साली सोलापूरच्या एका व्यापारी घराण्यात झाला. पेढीवर न बसता त्यांनी रेल्वेची कंत्राटे घेतली, आणि भागीदार निवडला तो नात्यातील अगर ज्ञातीतील नव्हे, तर रेल्वेत कारकुनी केलेले श्री. फाटक. १९१९ साली सिंदिया कंपनीचे 'लॉयल्टी' जहाज मुंबईहून लंडनला निघाले, तेव्हा ब्रिटिश कंपन्यांनी भाडी उतरवून या नव्या प्रतिस्पर्ध्याला जेरीस आणले. ज्याच्यापाशी तोटा सोसण्याचे बळ अधिक, तोच अशा झुंजीत तगतो, हा बाजाराचा कठोर नियम आहे.

१९३२ साली सरकारने साखरधंद्यास संरक्षण दिले आणि लवकरच कळंबच्या माळावर साखर कारखाना उभा राहिला. पुढे काळ पालटला. शेजारी सहकारी कारखाने निघाले. १९६१ च्या कमाल जमीनधारणा कायद्याने साखर कंपन्यांची विस्तीर्ण शेती गेली. तथापि वालचंदनगरच्या यंत्रशाळेने साखर कारखान्यांची यंत्रसामग्री घडविली आणि पुढे अवकाश प्रक्षेपकांचे भागही तयार केले. उसावर विसंबून न राहता तिने कसब साधले, म्हणून ती तगली.

याच समूहाच्या मोटारीची गोष्ट निराळी. परवान्यांच्या काळात 'पद्मिनी'साठी गिऱ्हाईक वर्षानुवर्षे थांबत असे. १९८३ साली मारुती आली, १९९१ नंतर बाजार खुला झाला, आणि शतक सरता सरता 'पद्मिनी'चे दिवस संपले. घराण्याच्याच रावळगाव कंपनीने आपल्या गोळ्यांची नाममुद्रा २०२४ साली २७ कोटी रुपयांस विकली. ती घेणारी रिलायन्सची कंपनीही एका घराण्याच्याच समूहातील आहे, हे ध्यानात घ्यावे. दोष घराण्याचा नव्हे. गिऱ्हाईक आपलेच आहे असे गृहीत धरण्याचा आहे.

घराण्याच्या धंद्यास मोठे भांडवल असते ते शब्दाचे. पत, विश्वास आणि धीर ही बाहेरून उसनी मिळत नाहीत. परंतु घरखर्च आणि दुकानाचा गल्ला एक झाला, किंवा केवळ थोरला म्हणून मुलास गादी दिली, की ते भांडवल आटू लागते. म्हणून माझी नम्र विनंती एवढीच की, दोन्ही हिशेब वेगळे ठेवावेत. मुलामुलींस प्रथम परक्याच्या हाताखाली काही वर्षे राबू द्यावे. आणि लायक माणूस परका असला तरी त्यास भागीदार करण्यास कचरू नये. वारसा हक्काने मिळतो. गिऱ्हाईक मात्र रोज नव्याने मिळवावे लागते.