माल्कमपेठ : चार कपाटांत विखुरलेले गाव



पसरणीचा घाट चढून महाबळेश्वरास जाणारा आपल्यापैकी प्रत्येक जण बहुधा पाहुण्यांना पॉइंट दाखविण्याच्या निमित्तानेच जातो, आणि संध्याकाळी चणे खात खाली उतरतो. या स्थळाचे पर्यटन, त्याची वास्तुरचना आणि त्याचे भूदृश्य यांचा अभ्यास करावयाचा झाल्यास मात्र घाटापेक्षा ग्रंथालयाची पायरी आधी चढावी, असे माझे मत आहे.

तेथे गेल्यावर पहिली अडचण उभी राहते ती कपाटांची. ड्यूई नामक अमेरिकन ग्रंथपालाने १८७६ साली प्रसिद्ध केलेली दशांश वर्गीकरणपद्धती आपल्याकडील अनेक ग्रंथालयांत रूढ आहे. तिच्या हिशेबी वास्तुकला ७२० मध्ये, उद्यान व भूदृश्यरचना ७१२ मध्ये, प्रवास ९१० च्या घरात आणि हिंदुस्थानचा इतिहास ९५४ मध्ये जाऊन बसतो. ग्रंथपालास यावाचून गत्यंतर नाही, हे मी जाणतो. पण त्यामुळे एकाच गावाचे चार तुकडे होतात आणि अभ्यासक ज्या कपाटाशी प्रथम उभा राहील, तेवढाच तुकडा त्याला संपूर्ण गाव वाटू लागतो. सूचीत महाबळेश्वर या नावाखाली काही सापडले नाही, तर माल्कमपेठ हे त्याचे जुने नाव पाहावे. तेथेही निराशा झाल्यास सातारा जिल्हा पाहावा.

आरंभ करावा तो कॅम्बेलसाहेबांनी संपादिलेल्या मुंबई इलाख्याच्या गॅझेटिअरच्या एकोणिसाव्या खंडापासून. १८८५ सालचा हा सातारा जिल्ह्याचा खंड हाती घेताच पाने जपून उलटावी लागतात, आणि घडीचा नकाशा उघडताना ग्रंथपालाच्या कपाळावर आठी उमटते. पण साम्राज्याच्या सोयीसाठी लिहिलेल्या या ग्रंथाइतका तपशील अन्यत्र एका जागी मिळत नाही. गव्हर्नर सर जॉन माल्कम यांच्या अमदानीत, १८२९ साली, छत्रपती प्रतापसिंह महाराजांकडून हा डोंगरमाथा कंपनी सरकारने घेतला आणि मोबदल्यात वाईजवळचे खंडाळा गाव दिले, हा व्यवहार तहाच्या कागदांत वाचला म्हणजे ध्यानात येते की थंड हवेचे ठिकाण निसर्गाने दिलेले असले, तरी ते वसविले दप्तराने. आजारी गोऱ्या सैनिकांना आणि अंमलदारांना हवापालट हवा होता. सहलीची हौस मागाहून आली. वेण्णा तलावही १८४२ साली साताऱ्याच्या अप्पासाहेब महाराजांनी बांधविला तो पाण्यासाठी. त्याच पाण्यावर आज नावा भाड्याने मिळतात.

इमारतींकडे वळताना वास्तुकलेच्या कपाटाकडे धावण्यापूर्वी पावसाचे आकडे पाहावेत, एवढी माझी विनंती आहे. वर्षाला २०० इंचांहून अधिक पाऊस जेथे कोसळतो, तेथे घर कसे दिसावे हे वास्तुशिल्पकाराने ठरविण्याआधी आभाळाने ठरविलेले असते. खाणीतून निघताना मऊ असणारा आणि हवेने टणक होणारा जांभा तेथे हाताशी असल्यामुळे भिंती त्याच्याच झाल्या. पण हा दगड सच्छिद्र, पाणी पिणारा. म्हणून मृगापूर्वी घरादुकानांच्या दर्शनी बाजूंना गवताच्या झडी बांधाव्या लागतात. रुंद व्हरांडे आणि उतरती छपरे यांची कुळकथा याच पर्जन्यमापकाच्या नोंदवहीत सापडते. पूर्वेस थोड्या कोसांवर असलेल्या पांचगणीस पाऊस निम्म्याहूनही कमी, त्यामुळे तेथे बारमाही वस्ती करता आली. जॉन चेसन यांनी १८५० नंतरच्या दशकात वसविलेल्या त्या गावी पुढे निवासी शाळा उभ्या राहिल्या, त्यामागेही हाच पर्जन्यभेद आहे. पांचगणीच्या शाळांचा इतिहास लिहिणाऱ्याने हवामानशास्त्राचे कपाट का उघडावे, याचे उत्तर मला वाटते यात आले.

रावबहादुर पारसनीसांचे १९१६ सालचे ‘महाबळेश्वर’ हे इंग्रजी पुस्तक मिळाल्यास तेही अवश्य पाहावे. बंगल्यांच्या जागांचा विचार करावयाचा तर मात्र महसूल खात्याच्या कागदांवाचून तरणोपाय नाही, कारण पुष्कळशा जागा सरकारी भाडेपट्ट्याच्या आहेत, आणि कोणाचे आवार कोठे संपते हे प्रवासवर्णनकार सांगत नाही.

भूदृश्याच्या बाबतीत मार्गदर्शिकांनी वाचकाला विशेषच उपाशी ठेवले आहे. त्या दऱ्यांचे नुसते कौतुक करतात. त्या डोंगरावर १८६४ पर्यंत चिनी व मलायी कैद्यांचा तुरुंग होता, आणि बटाटे व विलायती भाज्या पिकविण्याच्या कामी या कैद्यांचे हात लागले होते, हे गॅझेटिअरमध्येच वाचावे लागते. ज्या मळ्यांच्या कडेला मोटार थांबवून आपण स्ट्रॉबेरी विकत घेतो, त्या माळावरील बागाइतीच्या आरंभी कोणाची मेहनत होती, याची पाटी तेथे मला तरी दिसली नाही. केंद्र सरकारने २००१ साली हा परिसर पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील ठरविणारी अधिसूचना काढली. बांधकामावर आणि वृक्षतोडीवर बंधने घालणारा तो रूक्ष मसुदा १८८५ च्या खंडाशेजारी उघडून ठेवावा, आणि कोणत्या झाडीचे रक्षण आज कायदा करतो व कोणती झाडी तेव्हाच पडली होती, हे ओळीने ओळ ताडून पाहावे. त्यासाठी दोन्ही कागद एकाच टेबलावर यावयास हवेत, आणि ते तेथे आणून देणारा ग्रंथपाल आपल्या गावात असेल, तर त्याच्याकडे उद्याच जावे.